संडे स्कूलमध्ये क्षमेचा धडा प्रयोगातून कसा घ्यायचा: नवीन टीचरसाठी सगळं एका जागी

पहिल्यांदा संडे स्कूलच्या, म्हणजे चर्चमधल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात आयोडीनचा तपकिरी रंग व्हिटॅमिन सी ने घालवायचा प्रयोग केला तेव्हा ग्लासातलं तपकिरी पाणी स्वच्छ व्हायच्या ऐवजी भडक नारिंगी झालं. समोर अठरा पोरं, मी आधीच तोंडभरून सांगून बसलेली की आता बघा हं, डाग कसा निघून जातो, आणि मागून आवाज आला, "टीचर, पाप गेलं नाही, त्याला फक्त फ्लेवर आला." सगळा वर्ग हसला, मीपण हसले, पण घरी जाईपर्यंत कान गरम होते. चूक एवढीच की दुकानातून व्हिटॅमिन सी च्या चघळायच्या रंगीत गोळ्या आणल्या होत्या आणि घरी एकदाही करून बघितलं नव्हतं.

त्यानंतर बरेच रविवार गेले, बरेच ग्लास सांडले. आता नवीन कोणी वर्ग घ्यायला लागलं की मला विचारतात, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. केमिस्ट्री येत नसली तरी अडत नाही, मला पण शाळेत काठावर मार्क होते. साधारण सात ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी हे धरून चाला. त्याहून लहान असतील तर फक्त मिरपुडीचा प्रयोग घ्या, बाकीचे नको.

१. आधी वचन (बायबलमधली ओळ) ठरवा, प्रयोग नंतर

आपण नेमकं उलटं करतो. कुठेतरी भारी व्हिडिओ बघतो, फेस येतो, फुगा फुगतो, मग त्याला चिकटवायला वचन शोधत बसतो. मुलं घरी जातात आणि आई विचारते आज काय शिकलास, तर उत्तर येतं "फेस आला". संपलं.

क्षमा हा एक शब्द असला तरी त्यात तीन वेगळे धडे आहेत आणि ते एका रविवारी कोंबायचे नाहीत. (कंसातली नावं बायबलमधल्या पुस्तकांची, पुढे अध्याय आणि ओळ.) एक, देव आपल्याला क्षमा करतो (यशया १:१८, स्तोत्र १०३:१२, १ योहान १:९). दोन, आपण दुसऱ्याला क्षमा करायची (मत्तय १८:२१-३५, कलस्सैकरांस ३:१३). तीन, आपलं चुकलं असेल तर उठून जाऊन मागायची (मत्तय ५:२३-२४, किंवा लूक १५ मधला धाकटा मुलगा जो बापाला काय म्हणायचं ते आधीच मनात ठरवून निघतो). आज यातलं कोणतं, ते एका कागदावर लिहा आणि मगच सामानाला हात लावा.

अजून एक, मुलांना "क्षमा" हा शब्द पुस्तकातला वाटतो, त्यांचा शब्द "सॉरी" आहे, आणि सॉरी म्हणजे मोठं माणूस डोळे वटारून बघत असताना पटकन म्हणून सुटायची गोष्ट. त्यामुळे सुरुवातीला पाच मिनिटं नुसतं एवढंच विचारा की तू शेवटचं सॉरी कधी म्हणालास आणि ते खरं होतं का. जी उत्तरं येतात ना, त्यावरच अर्धा तास जातो.

२. प्रयोग म्हणजे दाखला, हे स्वतःच्या डोक्यात पक्कं करा

दाखला म्हणजे रोजच्या गोष्टीतून समजावलेलं उदाहरण. येशूने खमीर, मीठ, मोहरीचा दाणा, बी पेरणारा, असल्या रोजच्या वस्तू घेऊन दाखले सांगितले. आपला ग्लास आणि मिरपूड त्याच जातीचे. म्हणून दोन वाक्यं तोंडातून जाऊ द्यायची नाहीत. "यावरून सिद्ध होतं की देव क्षमा करतो" हे एक, आणि "बघा चमत्कार" हे दुसरं. पाण्याचा रंग जातो तो रसायनामुळे जातो. आज चमत्कार म्हणून सांगितलंत तर तीन-चार वर्षांनी शाळेच्या लॅबमध्ये पोरगं तेच बघतं आणि त्याला वाटतं टीचरने आपल्याला बनवलं, मग बाकीचं पण बनवलंच असेल.

प्रत्येक प्रयोगानंतर मी एकच प्रश्न विचारते, "हा दाखला कुठे मोडतो?" म्हणजे खरी क्षमा आणि हा ग्लास यात कुठे जुळत नाही ते तुम्ही शोधा. आधी मला भीती वाटायची की असं विचारलं तर धडा कमजोर होईल, पण झालं उलटंच, दाखल्यातली भोकं शोधायला लागली की पोरं पहिल्यांदा मनापासून विचार करतात. खाली आयोडीन, मिरपूड आणि तांब्याच्या प्रयोगांबरोबर तो कुठे मोडतो ते पण लिहिलंय.

३. सामान

सगळं एकदाच एका डब्यात भरून ठेवा, दर रविवारी शोधाशोध नको:

- जखमेवर लावायचं तपकिरी आयोडीनचं औषध (पोव्हिडोन आयोडीन), छोटी बाटली
- व्हिटॅमिन सी ची ५०० मिलिग्रॅमची साधी गोळी, शक्यतो पांढरी, बिनारंगाची
- ड्रॉपर, दोन-तीन पारदर्शक ग्लास, एक पसरट पांढरी प्लेट
- बारीक मिरपूड, भांडी घासायचं लिक्विड
- साधं पांढरं व्हिनेगर, मीठ, खायचा सोडा
- अर्ध्या लिटरची रिकामी बाटली, फुगे, कागदाचं नरसाळं
- तांब्याची काळपट पडलेली तार किंवा नाणं
- दोऱ्याचं रीळ, पट्टी
- जुनी फडकी, कचऱ्याची पिशवी, टेबलावर पसरायला प्लास्टिक
- बायबल (हे विसरणारे आहेत, मी एकदा विसरलेय)

दोन गोष्टी आणायच्याच नाहीत. पहिली म्हणजे कपड्यांचं ब्लीच. यशयाच्या वचनासाठी ब्लीचमध्ये रंग घालवून दाखवायची आयडिया बरेच जण देतात, पण तुमच्याच डब्यात व्हिनेगर आहे, आणि ब्लीच व व्हिनेगर एकत्र आलं की क्लोरीन वायू निघतो, तो विषारी असतो. बंद खोलीत मुलांसमोर हा खेळ अजिबात नको. दुसरी, धुण्याचा सोडा. खायचा सोडा, धुण्याचा सोडा आणि बेकिंग पावडर ही तिन्ही पांढरी पावडर आहेत, पण धुण्याचा सोडा डोळ्यांना आणि कातडीला चांगलाच झोंबतो. डब्यावर नाव लिहा. "मला माहितीये कोणतं काय आहे" असं म्हणणारेच चुकतात.

४. घरी करून बघा, त्याच सामानाने

"तसंच" सामान चालत नाही, तेच सामान, तीच गोळी, तीच प्लेट. शनिवारी रात्री दहा मिनिटं लागतात. माझं नारिंगी पाणी आठवा.

५. पहिला प्रयोग: आयोडीन आणि व्हिटॅमिन सी (यशया १:१८)

एकच प्रयोग करायचा असेल तर हा करा, बाकीचे सोडून दिलेत तरी चालेल.

तयारी अशी. एक गोळी कुटून अर्धा कप पाण्यात विरघळवा आणि फडक्यातून गाळा, नाहीतर गोळीतली बाकीची पावडर तळाशी बसते, पाणी गढूळ दिसतं आणि "स्वच्छ झालं" म्हणताना आपलीच पंचाईत होते. हे पाणी शक्यतो त्याच दिवशी बनवा, फार दिवस ठेवलं की जोर कमी होतो.

वर्गात ग्लासभर पाणी घ्या. प्रत्येक मुलाला मनातल्या मनात एक गोष्ट आठवायला सांगा, जी केल्याचं त्याला वाईट वाटतंय. मोठ्याने बोलायला लावू नका. मग एकेक थेंब आयोडीन टाका, आठ-दहा थेंबांत पाणी चहासारखं दिसायला लागतं. इथे घाई करू नका, थेंब पडतो तेव्हा तो आधी तळाकडे धाग्यासारखा उतरतो, मग हळूहळू सगळ्या ग्लासभर पसरतो, मुलं एकदम गप्प होऊन तेच बघत असतात. विचारा, हा थेंब आता परत काढता येईल का? चमच्याने? गाळणीने? त्यांना प्रयत्न करू द्या. येत नाही.

मग वचन वाचा, पापं लाखेसारखी लाल असली तरी बर्फासारखी पांढरी होतील असं देव यशयाच्या तोंडून सांगतो ते. वाचून झाल्यावर व्हिटॅमिन सी चं पाणी दोन चमचे ओता आणि ढवळा. दोन-तीन सेकंदात रंग जातो. नंतर मुलं काय म्हणतील ते म्हणू द्या, तुम्ही लगेच बोलू नका.

यामागचं कारण सोपं आहे. व्हिटॅमिन सी आयोडीनला इलेक्ट्रॉन देतं, त्याचं आयोडाइड होतं, आणि आयोडाइडला रंग नसतो. मोठ्या मुलांना एवढं सांगितलं तरी पुरे.

आता गंमत पुढे आहे. त्याच स्वच्छ ग्लासात परत एक थेंब आयोडीन टाका. थेंब पडतो, क्षणभर तपकिरी दिसतो आणि विरतो. अजून एक टाका, तोही विरतो. गोळीतलं व्हिटॅमिन सी गरजेपेक्षा कितीतरी जास्त असतं म्हणून असं होतं. मी इथे मत्तय १८ मधला येशूचा शिष्य पेत्र याचा प्रश्न घेते, भावाला किती वेळा क्षमा करू, सातदा का, आणि येशूचं उत्तर, साताच्या सत्तर पट. मुलांना थेंब मोजायला लावले, एकदा सत्तरपर्यंत पोचलो, पाणी स्वच्छच. (काही भाषांतरांत सत्याहत्तर असं आहे, कोणी हुशार पोरगं दुसरं बायबल घेऊन आलं तर गडबडू नका, मुद्दा मोजणी सोडायचा आहे.)

चाळिसाव्या थेंबाला एक मुलगा म्हणाला, "मग टीचर, टाकत राहिलं तरी काय बिघडतं?" मला काही सुचेना. नंतर घरी लक्षात आलं की हाच प्रश्न प्रेषित पौलाने रोमच्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पत्रात (रोमकरांस ६:१) घेतलाय, कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचं का, आणि लगेच स्वतःच उत्तर दिलंय, मुळीच नाही. पुढच्या रविवारी त्या मुलाला सांगितलं की तुझा प्रश्न बायबलमध्ये आहे. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तुम्हाला हा प्रश्न येणारच, तयार राहा.

इथे तीन फसगती होतात.

पाणी प्यायला उचलतात. खरंच. स्वच्छ दिसतंय ना, मग एखादं पोरगं ग्लास तोंडाला लावतंच. म्हणून सुरुवातीला सांगा आणि ग्लास स्वतःच्या हाताच्या अंतरावर ठेवा. आयोडीनचा ड्रॉपर मुलांच्या हातात द्यायचा नाही, आणि कोणाला आयोडीनची ॲलर्जी आहे का ते पालकांना आधी विचारा.

कपड्यांवर डाग पडतो. घाबरू नका, तेच व्हिटॅमिन सी चं पाणी लगेच लावा, डाग जातो. एकदा माझ्याच ओढणीवर पडला आणि तो घालवला तोच त्या दिवशीचा बेस्ट प्रयोग ठरला.

आणि तिसरी, जी मला सगळ्यात जास्त लागली. मी आधी "काळं मन, पांढरं मन" असं बोलायचे, आपल्याकडे बोलायची सवयच आहे. एके दिवशी मी हे बोलतेय आणि पहिल्या रांगेतली एक मुलगी स्वतःच्या हाताच्या पाठीकडे बघतेय, मग शेजारणीच्या हाताकडे. काही बोलली नाही. मीपण त्यावेळी काही बोलले नाही, पण त्या दिवसापासून काळं-पांढरं बंद. आता मी फक्त "डाग" आणि "स्वच्छ" म्हणते. आणि नीट वाचलं तर यशयाच्या वचनात पापाचा रंग काळा नाहीच, लाल आहे.

दाखला कुठे मोडतो: आयोडीन ग्लासातच असतं, फक्त दिसत नाही. मुलांनी हे पकडलं तर शाबासकी द्या. मग विचारा, देवाची क्षमा म्हणजे नुसतं झाकणं आहे का? इथून सरळ पुढच्या प्रयोगावर जाता येतं.

६. दुसरा प्रयोग: मिरपूड आणि साबण (स्तोत्र १०३:१२)

प्लेटमध्ये पाणी, वर मिरपूड भुरभुरवा. बोट बुडवलं तर काही होत नाही, मिरी बोटाला चिकटते. आता बोटाला भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब लावून मधोमध टेकवा. मिरपूड झटक्यात कडेला पळते. पाण्याच्या पृष्ठभागावर जो ताण असतो तो साबण लागलेल्या जागी कमी होतो आणि कडेचं पाणी मिरीला आपल्याकडे ओढून नेतं.

वचन, पूर्व पश्चिमेपासून जितकी दूर तितके त्याने आपले अपराध दूर केले. इथे एक चेंडू घेऊन दाखवा. उत्तरेकडे चालत राहिलात तर ध्रुव येतो आणि तिथून पुढे दक्षिण सुरू होते, पण पूर्वेकडे चालत राहिलात तर "आता पश्चिम सुरू" असं कधी होत नाही. स्तोत्र लिहिणाऱ्याच्या डोक्यात पृथ्वीचा गोल होता असं मात्र सांगू नका, आपण आपलं बघतोय एवढंच.

प्लेट आधी साबणाने घासून नीट खळबळलेली नसेल तर प्रयोग फुसका होतो. आणि एकदा साबण लागला की त्याच पाण्यात दुसऱ्यांदा होत नाही, दर वेळी पाणी बदला, सगळ्यांना करायचं असतं त्यामुळे बादली जवळ ठेवा. बोट डोळ्यात घालू देऊ नका, एकाने घातलं होतं आणि पुढचा तास आम्ही नळापाशी काढला.

दाखला कुठे मोडतो: मिरी कडेला जाते, प्लेटच्या बाहेर जात नाही. नीट बघणारी मुलं अजून एक सांगतात, "टीचर, काही खाली बुडाली." बरोबर, ताण कमी झाला की काही कण तळाशी जातात. हे कोणी म्हणालं की मीखा ७:१९ उघडा, तिथे देव पापं समुद्राच्या तळाशी टाकतो असंच लिहिलंय. असं मुलाच्या तोंडून निघालं तर त्याच्यासारखं दुसरं काही नाही, पण आपण आधी सांगून टाकायचं नाही.

७. तिसरा: दोऱ्याने कर्ज मोजायचं (मत्तय १८:२३-३५)

याला प्रयोग म्हणायचं की गणित, ठरवा तुम्ही. रसायन नाही, सांडत नाही, आणि मोठ्या मुलांना हाच सगळ्यात जास्त लागतो.

गोष्ट माहीतच आहे. राजा एका चाकराचं अवाढव्य कर्ज सोडतो, तोच चाकर बाहेर जाऊन सोबत्याचा छोट्याशा कर्जासाठी गळा धरतो. मुलं गोष्ट ऐकतात पण आकडा डोक्यात शिरत नाही. तुमच्या बायबलमध्ये रक्कम वेगळ्या शब्दांत लिहिलेली असू शकते, मूळ ग्रीकमध्ये १०,००० तालांत आणि १०० दिनार आहेत. एक दिनार म्हणजे मजुराची एक दिवसाची मजुरी (मत्तय २० मधल्या द्राक्षमळ्याच्या मजुरांचा दाखला बघा). एक तालांत म्हणजे साधारण ६,००० दिनार. म्हणजे चाकराचं कर्ज झालं ६ कोटी दिनार, आणि सोबत्याचं १००.

आता एक दिनार म्हणजे एक मिलिमीटर धरा. सोबत्याचं कर्ज, १०० मिलिमीटर, दहा सेंटिमीटरचा दोरा. तो कापून प्रत्येकाच्या हातात द्या. मग विचारा, चाकराचा दोरा किती लांब? मुलं म्हणतात खोलीएवढा, मैदानाएवढा. फळ्यावर करू द्या. ६ कोटी मिलिमीटर म्हणजे ६०,००० मीटर, म्हणजे ६० किलोमीटर. इथून साठ किलोमीटरवरचं गाव कोणतं ते मुलांनाच ओळखायला लावा, आणि हातातला दोरा बघा म्हणा.

दहा सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही असं मात्र म्हणू नका. १०० दिनार म्हणजे शंभर दिवसांची मजुरी, तीन महिन्यांहून जास्त कमाई. त्या सोबत्याकडून खरंच तेवढे पैसे येणं होतं. तुझ्या भावाने तुझी वही फाडली तर तेही खरंच झालंय, तुला लागलंय. दोरा छोटा आहे पण आहे. हे कबूल केलं की मुलं ऐकायला लागतात, कारण एरवी मोठी माणसं "जाऊ दे रे, एवढं काय त्यात" असंच म्हणतात.

रीळ टेबलावर ठेवा आणि थोडा दोरा सोडून ठेवा. एकदा दोन मुलांनी तो खोलीभर, मग जिन्यावरून खाली, मग गेटपर्यंत नेला, "साठ किलोमीटर करतोय" म्हणून. रीळ संपलं. गुंता सोडवायला मला एक संध्याकाळ गेली.

८. चौथा: काळपट तांबं (स्तोत्र ३२:३-५, १ योहान १:९)

वाटीत व्हिनेगर, त्यात चमचाभर मीठ. तांब्याची तार अर्धीच बुडवा, अर्धी बाहेर राहू द्या. पाचेक मिनिटांत काढा, बुडालेला भाग गुलाबीसर चकचकीत, वरचा तसाच मळकट, मधे स्पष्ट रेघ. तांब्यावर हवेने ऑक्साइडचा थर चढलेला असतो, तो आम्लात विरघळतो, मिठाने काम लवकर होतं.

दावीद राजा स्तोत्र ३२ मध्ये म्हणतो की गप्प राहिलो तोवर हाडं झिजली, मग पाप कबूल केलं आणि तू क्षमा केलीस. जेवढं बुडवलं तेवढंच उजळलं, झाकून ठेवलेलं तसंच राहिलं, एवढा मुद्दा.

तार लगेच साध्या पाण्याने धुवा. मी एकदा तशीच ठेवली आणि थोड्या वेळाने त्यावर हिरवट पुटं चढली. वाटीतल्या द्रावणात आता तांबं उतरलेलं आहे, चाखायचं नाही, हात धुवायचे.

दाखला कुठे मोडतो: तारेने स्वतःहून काही केलं नाही, आपण तिला बुडवलं. कबुली अशी कोणी दुसरा बुडवून होत नाही.

९. फुगा: करा, पण शेवटी

बाटलीत पाऊण कपाच्या आत व्हिनेगर, फुग्यात नरसाळ्याने दोन छोटे चमचे खायचा सोडा, फुगा बाटलीच्या तोंडावर बसवा आणि उभा करा. सोडा पडतो, कार्बन डायऑक्साइड निघतो, फुगा फुगतो. राग आत कोंडला की असा फुगतो, सूर्य मावळायच्या आत तो सोडून द्या, इफिसकरांस ४:२६. पोरांना फार आवडतो आणि मला फारसा आवडत नाही, कारण नंतर सगळ्यांना फक्त "फुटला का?" एवढंच आठवतं. म्हणून शेवटच्या रविवारी, बक्षीस म्हणून.

बाटलीला झाकण कधीच घट्ट लावून दाखवू नका, वायूच्या दाबाने बाटली फुटू शकते. फुग्याचे तुकडे लहान मुलांच्या तोंडात जाणार नाहीत बघा.

१०. "चल, आता तिला माफ कर" असं म्हणायचं नाही

प्रयोग छान झाला, वातावरण तयार झालं की आपल्याला मोह होतो. वर्गात ज्या दोघांचं भांडण झालंय त्यांना पुढे बोलवायचं आणि हात मिळवायला लावायचे. मी केलंय. दोघांनी हात मिळवले, सॉरी म्हणाले, आणि बाहेर पडल्यावर पायरीवर परत तेच. वर दुसऱ्या मुलीने दोन आठवडे येणं बंद केलं. सगळ्यांसमोर तिला काही पर्यायच ठेवला नव्हता मी.

ज्याला भावांनीच विकलं होतं त्या योसेफाची गोष्ट इथे उपयोगी पडते, पण पूर्ण सांगा. आपण उत्पत्ती ४५ वर उडी मारतो, तो रडतो आणि भावांना जवळ घेतो. त्याच्या आधीचे ४२ ते ४४ अध्याय वगळतो. तिथे तो त्यांना ओळख देत नाही, एकाला अडकवून ठेवतो, धाकट्याला आणायला लावतो, ते बदललेत का ते बघतो. क्षमा करणं आणि लगेच पुन्हा विश्वास टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुलांना हे सांगितलं की त्यांच्या खांद्यावरचं ओझं उतरल्यासारखं दिसतं. "म्हणजे मी तिला माफ केलं तरी माझी कलर पेटी लगेच नाही दिली तरी चालेल?" चालेल.

आणि हे नीट वाचा. धडा चालू असताना किंवा नंतर एखादं मूल सांगेल की कोणी मोठं माणूस त्याला मारतं, त्रास देतं, नको तिथे हात लावतं. त्यावेळी क्षमेचं वचन सांगायचं नाही. शांतपणे ऐका, "तू सांगितलंस ते बरं केलंस, यात तुझी चूक नाही" एवढं म्हणा, "मी कोणाला सांगणार नाही" असा शब्द देऊ नका, आणि त्याच दिवशी मंडळीतल्या (चर्चमधल्या) मुलांच्या सुरक्षिततेची जबाबदारी असलेल्या माणसाला किंवा चाइल्ड हेल्पलाइनला कळवा. ज्याच्याबद्दल मूल बोललंय त्या माणसाला आधी जाऊन विचारू नका.

११. वेळ आणि आवराआवर

पाऊण तासाचा वर्ग असेल तर दहा मिनिटं गप्पा आणि वचन, दहा-बारा मिनिटं प्रयोग, पंधरा मिनिटं "कुठे मोडतो" आणि चर्चा, बाकी प्रार्थना आणि साफसफाई. प्रयोगालाच अर्धा तास गेला तर समजा सामान जास्त आणलंत.

प्रार्थनेच्या वेळी ग्लास, प्लेट सगळं टेबलावरून हलवा, नाहीतर अर्धे डोळे उघडे असतात. मत्तय ६:१२ ची ओळ, आम्ही आमच्या ऋण्यांना सोडलं तसं तू आम्हाला सोड, दोऱ्याच्या धड्यानंतर म्हणायला लावा, ऋण हा शब्द त्या दिवशी पहिल्यांदा कळलेला असतो.

आयोडीनचं पाणी आणि व्हिनेगर भरपूर पाण्याबरोबर मोरीत ओतून द्या, ते ओतण्याआधी मोरीत कोणी ब्लीच टाकलेलं नाही ना ते विचारा. मिरपूड आधी गाळून कचऱ्यात, नाहीतर जाळी तुंबते आणि साफसफाई करणाऱ्या काकांची बोलणी खावी लागतात. टेबल पुसायला मुलांना घ्या, ज्याने सांडलं त्यालाच एकट्याला नाही, सगळ्यांना.

आणि तो दहा सेंटिमीटरचा दोरा मुलांना घरी नेऊ द्या. एकाने तो कंपासपेटीत ठेवलाय, मागच्या महिन्यात पेन्सिल काढताना बाहेर पडला तेव्हा दिसला, मळून करडा झालेला, टोकाला गाठ मारलेली. गाठ कशाची विचारलं तर म्हणाला, "दादाने सायकल पाडली तेव्हा मारली. सोडायची आहे अजून."